खडीची खाण बंद होताना: खड्डा, पाणी आणि माळावरची जनावरं (सातारा-सांगली)

माळरान_खटाव

खाणीची मुदत संपत आली की ग्रामसभेत बहुतेक वेळा एकच ठराव होतो: तारेचं कुंपण, धोक्याची पाटी आणि शंभर झाडं. झाडं पहिल्या उन्हाळ्यात जातात, तार दुसऱ्या वर्षी तुटते आणि खड्डा तसाच राहतो. हे टाळायचं असेल तर नेमकं काय करायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

चर्चेसाठी एक प्रत्यक्षातली खाण घेऊ. खटाव तालुका, गायरान, पट्टा (खाणीसाठी मुदतीनं दिलेली जमीन) १.९ हेक्टर, खोली १८ मीटर. वर १५ सेंमी माती, खाली दोन मीटर मुरूम, मग काळा पाषाण. दिवाळीत तळाला पाच-सहा मीटर पाणी असतं, मे अखेरीस दीड-दोन मीटर उरतं. भोवती कुसळी गवताचा माळ. खोकड, ससे, घोरपडी, चंडोल, माळटिटवी, धाविक आहेत, लांडग्याची ये-जा आहे. मुदतीचे १४ महिने शिल्लक आहेत.

१. या १४ महिन्यांत ठेकेदाराकडून काय करून घ्यायचं?
२. पाण्याचा खड्डा बुजवावा की ठेवावा?
३. झाडं लावावीत का, आणि कोणती?

डबर_आणि_डस्ट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पोकलेन खाणीतून बाहेर पडलं की पुढचं सगळं काम तिप्पट महाग होतं.

सगळ्यात आधी गाडीरस्ता वाचवा. खाणीत उतरणारा रस्ता म्हणजे जनावरांची बाहेर येण्याची एकमेव वाट. उतार १ः१० धरला तर १८ मीटर खोलीला तो १८० मीटर लांब होतो, आणि त्याच्या पोटात चांगला दगड असतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यात खालून वर मागे सरकत रस्ताही खोदून नेतात. मग चारही बाजूंनी उभी भिंत उरते. रात्री पाण्याला आलेलं खोकड किंवा ससा एकदा आत पडला की बाहेर निघत नाही. शेळ्या-म्हशींचंही तेच, आणि पोहायला गेलेल्या पोरांचंही. ‘गाडीरस्ता काढायचा नाही’ हे वाक्य ठरावात आणि तहसीलला दिलेल्या पत्रात शब्दशः घाला. ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राच्या) मोजणीच्या नकाशावर तो रस्ता रंगवून जोडा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

दुसरी गोष्ट खाणीच्या भिंतीतल्या पायऱ्यांची. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ (कोळसा-तेल सोडून इतर खाणींच्या सुरक्षेचे नियम) मधल्या विनियम १०६ प्रमाणे कठीण दगडात एका पायरीची उंची ६ मीटरच्या वर नको. माती-मुरमात उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नको, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या हव्यात आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. म्हणजे या खाणीत दगडाच्या निदान तीन पायऱ्या दिसायला हव्यात. प्रत्यक्षात एकसंध उभा कडा असेल तर तो आत्ताच, सुरुंगाचं काम चालू असतानाच, दुरुस्त करून घ्यावा लागेल. पट्ट्याच्या हद्दीपासून साडेसात मीटरची पट्टी न खोदता सोडलेली आहे का, तेही मोजा. ती खाल्ली असेल तर वरून पायरी मागे घ्यायला जागाच उरत नाही.

शेवटच्या भिंतीला भारी सुरुंग लावू देऊ नका. भेगा आत जातात आणि पुढची पाच-दहा वर्षं दगड सुटत राहतात. हलका बार घ्यायचा आणि नंतर सुटे दगड पहारीनं पाडून घ्यायचे.

चंडोल

वरच्या प्रतिसादात एकच भर. सगळ्या भिंती उतरत्या करू नका. शृंगी घुबड अशाच दगडी कपारीत, उघड्या कठड्यावर अंडी घालतं. वापरात नसलेल्या खाणी त्याच्या आवडीच्या जागा आहेत. मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च. दिवसा कपारीत बसलेला पक्षी दिसणं अवघड, पण खाली पांढरी शिट आणि उंदराच्या हाडा-केसांच्या गोळ्या पडलेल्या सापडतात. त्या दिसल्या की त्या बाजूचं काम त्या हंगामापुरतं थांबवायचं आणि वन विभागाला कळवायचं.

गाडीरस्त्यापासून सगळ्यात लांबची, माणसांची ये-जा नसलेली एक भिंत २०-२५ मीटर लांबीपर्यंत उभी ठेवा.

दुसरी बाब मुरमाच्या ढिगांची. ढीग एका बाजूनं भरून नेला की दीड-दोन मीटरची उभी कड तयार होते. फेब्रुवारी-मार्चपासून वेडे राघू तिथं बिळं पाडतात. बीळ एक-दीड मीटर आत जातं आणि बाहेरून फक्त मुठीएवढं तोंड दिसतं. एप्रिलमध्ये लोडरचा एक घास घेतला की अख्खी वसाहत जाते. उपाय बिनखर्चाचा आहे. फेब्रुवारी संपायच्या आत वापरातल्या सगळ्या ढिगांची कड ४५ अंशांच्या आत पाडून घ्या, म्हणजे पक्षी तिथं बीळ पाडायला येत नाहीत. आणि ज्याला हात लावायचा नाही असा एक ढीग उभ्या कडेचा राखून ठेवा.

डबर_आणि_डस्ट

@चंडोल, उभी भिंत ठेवायला हरकत नाही, पण दोन अटी. तिच्या माथ्यावरचा दोन मीटर मुरूम मागे उतरता करून घ्यायचा, नाहीतर दर पावसाळ्यात तो कोसळणार. आणि माथ्यापासून पाच मीटर मागे दगडी ताल (रचलेल्या दगडांचा बांध) हवा. भिंतीत तांबड्या गेरूचा थर दिसत असेल तर ती भिंत निवडू नका. गेरू भिजला की मऊ पडतो आणि वरचा पाषाण पुढे सरकतो.

चंडोल

मान्य. गेरूचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

कुसळी_पवना

मातीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि खरं भांडवल तीच आहे. हिशोब करा. दीड हेक्टरवरची १५ सेंमी माती म्हणजे २,२५० घनमीटर, साधारण ८०० ब्रास. चार ब्रासच्या डंपरच्या २०० खेपा. ही माती खाण सुरू होताना काढून बाजूला ठेवलेली असेल तर माळ परत येतो. विकली गेली असेल, किंवा मुरमात मिसळून भरावात गेली असेल, तर नुसत्या मुरमावर गवत धरायला खूप वर्षं लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी बघा, मातीचा ढीग आहे का आणि कुठे आहे.

ढीग असेल तर त्याची उंची दोन मीटरच्या आत हवी. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही, आतले जिवाणू आणि गवताचं बी मरतं. उंच असेल तर पसरून घ्या आणि पहिल्या पावसावर त्यावर ताग किंवा धैंचा टाका, हेक्टरी ५० किलो. माती ओली असताना हलवू नका. लोडरच्या चाकाखाली ओल्या मातीचा कणा मोडतो आणि वाळल्यावर तिच्या विटा होतात. फेब्रुवारी ते मे हाच काळ.

आता क्रशरचं आवार, गाड्या उभ्या राहायची जागा. वर्षानुवर्षं डंपर फिरून ही जमीन इतकी दबलेली असते की पहार वाजते. तिथं नुसती माती पसरली तर पहिल्याच वळवात वाहून जाते, कारण खाली पाणी मुरतच नाही. आधी पोकलेनला एक दाती रिपर लावून ५०-६० सेंमी खोल, समपातळीला धरून, मीटर-मीटर अंतरावर नांगरून घ्या. उताराच्या दिशेनं नांगरलं तर प्रत्येक ओळीचा ओहोळ होतो. त्यावर मुरूम, त्यावर माती.

क्रशरची डस्ट मातीच्या जागी वापरू नका. ‘बारीक आहे, मातीसारखीच आहे’ असं सांगितलं जातं. ती पावसात सिमेंटसारखी थापली जाते, वर पापुद्रा धरतो, अंकुर त्याखाली वाकडा होऊन मरतो. शिवाय तिच्यात सेंद्रिय काहीच नसतं.

सेंद्रिय भागासाठी आपल्याकडे साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ) सहज मिळते. ताजी मळी पसरू नका, ती तापते. दोन-तीन महिने ढिगात पाणी मारून, पालटून कुजवा, मग हेक्टरी ५ ते १० टन.

माळरान_खटाव

मातीचा ढीग आहे, पण अर्धाच. अंदाजे ३५० ब्रास. बाकीची कुठे गेली त्याची नोंद नाही.

कुसळी_पवना

मग सगळीकडे पातळ पसरू नका. ३५० ब्रास म्हणजे हजार घनमीटर. दहा सेंमी थरानं एक हेक्टर होतो. क्रशरचं आवार आणि वरच्या पायरीला ती द्या. बाकी ठिकाणी माती पट्ट्यापट्ट्यांनी, समपातळी चरांच्या खालच्या अंगाला टाका. पट्ट्यातलं गवत दोन-तीन हंगामांत बी टाकतं आणि मधल्या मुरमावर सरकतं.

तिसऱ्या प्रश्नाचंही इथंच लिहितो, कारण तो गवताशी जोडलेला आहे. खटाव-माण-आटपाडी-जतचा माळ म्हणजे उजाड जंगल नव्हे. ५०० मिमीच्या आसपास पावसात आणि वीतभर मातीत उभी राहिलेली ती गवताळ परिसंस्था आहे. धाविक, माळटिटवी, पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना चारही बाजूंनी दूरवर दिसायला हवं. तिथं ओळीनं गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की हे पक्षी जागा सोडतात आणि झाडावर बसून टेहळणारे कावळे-शिकरे येतात. वेडी बाभूळ तर चुकूनही नको. खणलेल्या जमिनीवर ती आपोआप येते, पहिल्या दोन वर्षांत मुळासकट उपटली नाही तर नंतर आवरत नाही.

झाडं फक्त पाण्याच्या बाजूला आणि गावाकडच्या कडेला: हिवर, बोर, बाभूळ, पळस, निंब, करंज. खड्डा ६० सेंमीचा घनाकार, अंतर पाच मीटर. पायऱ्यांवरच्या दगडी फटीत उंबर आणि पिंपळ पक्ष्यांच्या विष्ठेतून स्वतःच येतात. त्यांच्यासाठी खर्च करायची गरज नाही.

गवतासाठी बी बाहेरून विकत आणू नका. शेजारच्या माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळी, पवना, शेडा, मारवेलचं बी झाडून घ्या. ते त्याच वर्षी उगवत नाही, कारण या गवतांच्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते. गोणपाटात, कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरा. चांगल्या जमिनीला हेक्टरी ५-६ किलो लागतं, खाणीच्या मुरमाला दुप्पट धरा. माती, शेण आणि बी कालवून शेंगदाण्याएवढ्या गोळ्या केल्या तर वारा आणि मुंग्यांपासून बी वाचतं. मारवेल ठोंबांनी लावलेली बरी. ५० बाय ३० सेंमीला हेक्टरी ६६ हजार ठोंब लागतात, म्हणून ती फक्त उताराच्या कडांना आणि पाण्याच्या वाटांना लावा.

तीन पावसाळे चराई बंद. नंतर कापून न्यायला मोकळीक, पण कापणी बी गळल्यावर, नोव्हेंबरात. मेंढपाळांना हे आधी विश्वासात घेऊन सांगा. त्यांची वाट अडवून केलेलं कोणतंही काम टिकत नाही, आणि त्यांची वाट अडवणं न्यायाचंही नाही.

भूजल

दुसरा प्रश्न, पाण्याचा. बुजवू नका. मुख्य कारण असं की बुजवायला स्वच्छ माल मिळत नाही. खड्डा रिकामा दिसला की नगरपालिकेचा कचरा, कारखान्याची राख, कोंबडीखताच्या गोणी येऊन पडतात. काळ्या पाषाणात पाणी सांध्यांतून आणि भेगांतून वाहतं. मातीसारखं गाळून निघत नाही. खाणीत टाकलेली घाण खालच्या अंगाच्या विहिरीत फार लवकर उतरते, आणि एकदा उतरली की काढता येत नाही. ठरावात ‘कोणताही भराव बाहेरून आणायचा नाही’ एवढं लिहाच.

पाणी पिण्यासाठी वापरायचा विचार असेल तर आधी नायट्रेट तपासा. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेला अंश पाण्यात विरघळतो. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. हिरवी साय धरत असेल तर नायट्रेटचा संशय घ्या. पहिली दोन वर्षं दिवाळीत आणि मेमध्ये असे नमुने द्या.

मत्स्यबीज सोडायची घाई करू नका. चिलापी आणि विदेशी मांगूर तर नकोच. या मांगूरवर देशात २००० सालापासून बंदी आहे, आणि तो बेडकांची पिल्लं, छोटे मासे, सगळं संपवतो. पावसाळ्यात खड्डा भरून ओसंडला की तेच मासे ओढ्यात आणि पुढे येरळा नदीत जातात. इथं पाणपक्ष्यांचं मायणी पक्षी संवर्धन राखीव जवळ आहे, हेही ध्यानात ठेवा.

चंडोल

पाणी ठेवायचं तर काठ घडवावा लागतो. उभ्या भिंतीच्या पाण्याचा पक्ष्यांना आणि जनावरांना उपयोग शून्य. एका बाजूला, गाडीरस्त्याच्या पायथ्याशी, १ः५ चा उतार आणि पाच मीटर रुंद उथळ पट्टा करा, जिथं पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत राहील. तुतवार, शेकाट्या, बगळे तिथं उतरतात, बेडूक तिथं अंडी घालतात. त्यावर गुळगुळीत काँक्रीट नको. १५ सेंमी मुरूम आणि त्यात अर्धे रुतवलेले डबर, म्हणजे नखं आणि खूर धरतील. दुसऱ्या टोकाला सुट्या मोठ्या दगडांचा १ः२ चा ढीग भिंतीला लावून ठेवा. घोरपड, मुंगूस, खोकड एवढ्यावरून चढतात.

कुंपणाबद्दल: काटेरी तारेत लांडगा आणि ससा अडकतात, माणूस तार वाकवून आत जातो. मीटरभर उंचीचा, चुना न भरलेला दगडी ताल घाला. दगड जागेवरच आहे. दर ३० मीटरला तळाशी वीतभर चौकोनी भोक ठेवा. फटींत पाली, सरडे, फुरसं राहतात, म्हणून दगड हातानं हलवताना जपून.

येरळाकाठ

हे सगळं डोंगर-माळाच्या खाणीला लागू आहे. नदीतल्या वाळू-गोट्यांना यातलं काहीच लागू नाही, हे वेगळं सांगायला हवं. नाहीतर ‘नंतर झाडं लावू’ म्हणून नदीचा पट्टाही मागितला जाईल.

येरळा, अग्रणी, माण या नद्या वर्षातले बरेच महिने वरून कोरड्या असतात. पाणी वाळूच्या पोटात असतं. एक ब्रास वाळू म्हणजे २,८३० लिटर जागा. त्यातलं पाचव्या हिश्श्याएवढं पाणी सुटून विहिरीला मिळतं असं धरलं तरी ब्रासमागे साडेपाचशे लिटर. ही टाकी प्रत्येक पावसाळ्यात भरते. वाळू गेली की टाकीच गेली, आणि काठच्या विहिरी जानेवारीत तळ दाखवतात. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीनं याच प्रश्नावरून आंदोलन उभं केलं. येरळेतली मर्यादित वाळू गावानं स्वतः विकून बलवडीचं बळीराजा स्मृती धरण बांधलं. ठेकेदाराचा उपसा आणि गावाचा मोजून केलेला वापर यातला फरक तिथं कळतो.

केंद्राच्या २०२० च्या वाळू मार्गदर्शक सूचनांत नदीच्या रुंदीचा चौथा भाग, आणि किमान साडेसात मीटर, काठापासून सोडायला सांगितला आहे. सांगली भागात याला आणखी एक कारण आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मऊ मातीत हातभर खड्डा करून २५-३० अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. नर की मादी हे घरट्याच्या उष्णतेवर ठरतं. वीटभट्टीसाठी काठाची माती ओढली जाते ती नेमकी याच महिन्यांत, कारण तेव्हा पाणी उतरलेलं असतं. अंडी तर जातातच, शिवाय काठ तुटल्यावर मगरी दुसरी जागा शोधत शेताच्या बाजूला सरकतात आणि माणसाशी गाठ पडते. नदीसुरय आणि आर्लीसुद्धा याच काळात वाळूच्या बेटावर, उघड्यावर अंडी घालतात. ट्रॅक्टरखाली ती दिसतही नाहीत.

नदीतून गेलेली वाळू माणसाला परत भरता येत नाही. वाळू फक्त पूर आणतो.

सडा

तसंच जांभ्या दगडाच्या सड्यांचं, म्हणजे सपाट कातळपठारांचं. कास-चाळकेवाडीच्या सड्यावर माती बोटभर असते आणि सगळं जीवन त्या बोटभर मातीत आणि पावसाळी डबक्यांत चालतं. २०१६ मध्ये वर्णन झालेला पंखगळ्या सरडा, सरडा सुपर्बा, चाळकेवाडीचाच. उन्हाळ्याच्या शेवटी नर एखाद्या दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा फुलवतो. तो दगड उचलून बांधाला नेला की त्याची बसायची जागा गेली. तिथला कातळ एकदा सोलला की वर सांगितलेली कोणतीही कृती तो परत आणत नाही. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खाणकाम, दगडखाण आणि वाळू उपसा तिन्हींवर बंदी सुचवली आहे, ती या कारणानं योग्य आहे.

माळरान_खटाव

खूप उपयोगी. दोन शंका. पैसा कुठून? आणि १४ महिन्यांचा क्रम कसा लावायचा?

भूजल

गाडीरस्ता, पायऱ्या, माती पसरणं ही पट्टाधारकाची जबाबदारी आहे. मंजूर खाणकाम आराखड्यात खाण बंद करण्याचा भाग असतो, पर्यावरण मंजुरीच्या अटींतही असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही ही मंजुरी लागू झाली. दोन्ही कागदांची प्रत ग्रामपंचायतीच्या नावानं मागून घ्या आणि अट क्रमांक टाकून पत्र द्या. गवत, ताल, पाणी तपासणी यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणपट्ट्यांकडून जमा होणारा जिल्ह्याचा निधी) प्रस्ताव पाठवता येतो, पर्यावरण हा तिथं प्राधान्याचा विषय आहे.

डबर_आणि_डस्ट

क्रम असा लावा. आत्ता जानेवारी आहे. या महिन्यात मोजणी, हद्दीची पट्टी आणि घुबडाची पाहणी. फेब्रुवारीत ढिगांच्या कडा. मार्च-एप्रिलमध्ये पायऱ्यांची दुरुस्ती, घुबड असेल ती बाजू सोडून. मेमध्ये क्रशर आवाराचा जो भाग मोकळा झाला असेल तेवढा रिपरनं नांगरून माती पसरा आणि जूनमध्ये तिथं ताग पेरा, कारण गवताचं बी यंदा हातात नाही. ते ऑक्टोबरात गोळा होईल. उरलेलं आवार पुढच्या फेब्रुवारीत, पोकलेन जायच्या आधी. गवताची पेरणी पुढच्या जूनला.

उथळ काठाचं काम मात्र याच मेमध्ये उरका, आणि त्यासाठी एक छोटी गोष्ट चुकवू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं पाण्याची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. गाडीरस्त्याचं टोक आणि दगडांच्या ढिगाचा पाया त्या रेघेच्या निदान मीटरभर खाली गेला पाहिजे. बहुतेक ठिकाणी उतार दिवाळीच्या पाण्यापर्यंतच केलेला असतो. मग एप्रिलमध्ये उताराचं टोक आणि पाणी यांच्यात तीन-चार मीटरची उभी भिंत उघडी पडते आणि तहानलेलं जनावर तिथूनच खाली घसरतं.

माळरान_खटाव

रेघ मारायचं नक्की. मोजणीची तारीख ठरली की नकाशा इथं टाकतो, रस्ता कुठे राखायचा ते त्यावर बोलू.